एकतीस नावांचं पान

मालेगाव (जहांगीर)
६ फेब्रुवारी १९७९

प्रिय भाऊ,

परवा रविवारी मी धनजला आले, ती नुसती भेटायला आले नव्हते. वाशीम, मंगरूळ, कारंजा अशा बसेस बदलत येताना मनात एकच गोष्ट घोकत होते की आज तुझ्यासमोर बसायचं आणि सांगून टाकायचं. तू नुकताच तूर झोडपून खळ्यावरून आला होतास, कानामागे अजून भुसा होता. केशरवहिनीनं भाकर वाढली आणि म्हणाली, "जेवा न बाई, थंडं होऊन राह्यलं." तू मात्र माझ्याकडे बघत होतास. "भागे, तुले काही सांगाचं हाये काय? मघापासून पदर पिरगाळून राह्यली." मी म्हटलं, काही नाही, प्रवासानं थकले. आणि चारच्या बसनं परत आले. तू स्टँडवर बस हलेपर्यंत उभा होतास, ते मला खिडकीतून दिसत होतं.

समोर बसून जे जमलं नाही ते लिहून पाहते. एक विनंती आहे. हे पत्र लेकीकडून, लिलाकडून, वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, वेळ लागला तर लागू दे, पण तूच वाच. तिला काय आणि किती सांगायचं ते मग तुझं तू ठरव.

तालोऱ्याबद्दल मी तुम्हाला फार थोडं सांगितलं आहे. तुला आठवतं, त्र्याहत्तर साली मला सोडायला तू मुंबईच्या धक्क्यापर्यंत आला होतास आणि जहाजावर 'कारंजा' हे नाव वाचून लहान मुलासारखा हसला होतास. "पाय भागे, आपलं गाव तुह्यासंगं चाललं," असं म्हणालास. नर्सच्या नोकरीचा तीन वर्षांचा करार होता. बेट एवढंसं की सकाळी निघून सायकलनं फिरलं तर संध्याकाळी निघालो तिथेच परत यावं. उसाची शेती, एक बंदर, टेकडीवर आमचा ऐंशी खाटांचा सरकारी दवाखाना. तिथले निम्मे लोक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, निम्मे आपल्याकडून ऊसतोडीला नेलेल्या बिहारी मजुरांची नातवंडं. त्यांनी आपसात बेटाची एक वेगळीच बोली केली आहे. माझी वॉर्डातली वरिष्ठ एस्तेर नावाची काळी ख्रिस्ती बाई होती, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पहिल्या महिन्यात मला घरची आठवण येऊन जेवण जाईना, तेव्हा ती रोज स्वतःच्या डब्यातला भात माझ्यापुढे ठेवायची आणि मी खाल्ल्याशिवाय उठायची नाही. मी कोणत्या जातीची हे तिनं तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिला ते विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

पंच्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये तिथल्या सैन्यानं सत्ता घेतली. सैन्य म्हणजे किती, तर जेमतेम चारशे माणसं. सकाळी रेडिओ लावला तर भजनाच्या जागी एक मेजर बोलत होता की निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आहे, सहा महिन्यांत सगळं सुरळीत होईल. आम्ही ड्यूटीवर गेलो. पेशंट होते, इंजेक्शनं होती, काही बदललंय असं वाटेना. मग बंदरातल्या मजुरांची संघटना बंद केली, दोन वर्तमानपत्रांना कुलूप लागलं, पाच माणसं एकत्र उभी राहिली की शिपाई हटकायला लागले. लोक घरात बोलायचे आणि खिडक्या लावून घ्यायचे.

त्यावेळी एक निवृत्त मुख्याध्यापिका होती. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले. एका बुधवारी दुपारी ती घरून लाकडी खुर्ची घेऊन निघाली आणि बंद केलेल्या विधानसभेच्या फाटकासमोर ती मांडून बसली. घोषणा नाही, फलक नाही, काही नाही. तासभर बसली आणि खुर्ची उचलून घरी गेली. पुढच्या बुधवारी पुन्हा. शिपायांनी विचारलं, काय करताय? ती म्हणाली, बसले आहे. तिसऱ्या बुधवारी तिच्याजवळ आणखी चार खुर्च्या होत्या. दिवाळीच्या सुमाराला दीडशे, आणि नवं वर्ष लागलं तेव्हा पाचसहाशे. कोणी स्टूल आणायचं, कोणी दुकानातला बाक दोघांत धरून आणायचं. चार ते पाच, तोंड फाटकाकडे करून सगळे गप्प. उभं राहण्याला बंदी होती, बसण्याबद्दल हुकमात काही लिहिलेलं नव्हतं. एस्तेर सुट्टी असली की जायची. मीही तीनदा गेले, भाऊ, होस्टेलचं स्टूल घेऊन. परक्या मुलखात माझा काय संबंध असं आधी वाटायचं. पण त्या गर्दीत बसलं की विहारात बसल्यासारखं वाटायचं. माझ्या शेजारी बंदरात क्रेनवर काम करणारा लखीराम बसायचा. त्याचा आजा बिहारातल्या छपऱ्याहून गेलेला. तो मला दीदी म्हणायचा आणि नागपूर कुठे, छपरा कुठे, चालत किती दिवस लागतील, असं खालच्या आवाजात विचारायचा.

मार्चमधल्या एका बुधवारी मी ड्यूटीवर होते. साडेचारला टेकडीखालून आवाज आले. मला वाटलं, बंदरात काही कोसळलं. पाऊण तासानं माणसं यायला लागली. रुग्णवाहिका सैन्यानं अडवून ठेवली होती, म्हणून लोकांनी जखमींना त्यांच्याच खुर्च्यांवर बसवून, चौघाचौघांनी खांद्यावर घेऊन टेकडी चढवली. व्हरांडा भरला. एस्तेर एकेक जखम बघत जायची, मोठ्यानं सांगायची आणि मी दाखल-रजिस्टरात लिहायची. नाव, वय, जखम कुठे, कशाची. एकतीस नावं झाली. त्यातली सात आणतानाच गेलेली. प्रत्येकापुढे मी तेच लिहिलं, बंदुकीची गोळी. तेविसावं नाव लखीरामचं, गोळी पोटात. तो शुद्धीवर होता. "दीदी, लिख लिहनी?" म्हणाला. लिहिलं का, असं विचारत होता. मी म्हटलं, हो, लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचे मुख्य डॉक्टर आणि एक कॅप्टन वॉर्डात आले. कॅप्टन तरुण होता, अदबीनं बोलत होता, टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला, घाईत नोंदी चुकल्या आहेत. पळापळ झाली, लोक चेंगरले, पडले. गोळ्या हवेत झाडल्या होत्या. हे पान नीट लिहून काढा. एस्तेर म्हणाली, मी डोळ्यांनी पाहून लिहिलंय. त्यानं विचारलं, हे अक्षर तुमचं? ती म्हणाली, माझंच. भाऊ, अक्षर माझं होतं. मी तिच्या मागे, औषधाच्या कपाटाजवळ उभी होते. ती मला वाचवायला खोटं बोलली, आणि ते मला तेव्हाच कळलं. कॅप्टननं मागची पानं उलटली, दोघींच्या सह्या ताडून पाहिल्या आणि माझ्याकडे वळला.

त्यानं मला धमकी दिली नाही, असंच म्हणावं लागेल. तो म्हणाला, सिस्टर, तुम्ही पाहुण्या आहात. तुमचा करार जूनमध्ये संपतो. पासपोर्ट आमच्या कचेरीत सुरक्षित आहे. पहिल्या जहाजानं घरी जाल की इथं चौकशीला थांबाल, हे तुमच्या हातात आहे. चौकशी किती वर्षं चालेल ते मला सांगता येणार नाही. त्यानं टेबलावर कोरं पान ठेवलं आणि स्वतःचं पेन काढून दिलं.

मी लिहिलं. दीड तास लागला. एकतीस नावं पुन्हा, त्याच क्रमानं. पंचवीस जणांपुढे गर्दीत चेंगरून, चौघांपुढे पायऱ्यांवरून पडून, दोघांपुढे बंदराच्या पाण्यात बुडून. तो सांगत होता आणि मी लिहीत होते. लखीरामच्या नावापुढे चेंगरून लिहिलं तेव्हा तो माझ्यापासून चार खाटांवर होता आणि मला पाणी मागत होता. शेवटी सही केली. मूळ पान त्यानं घडी घालून खिशात टाकलं. एस्तेर सगळा वेळ तिथेच उभी होती. दुपारी शिपाई तिला घेऊन गेले.

लखीराम तिसऱ्या दिवशी गेला. त्याची बायको कडेवर पोर घेऊन आली आणि मला विचारलं, "दीदी, कागज में का लिखल बा?" कागदात काय लिहिलंय. मी सांगितलं. तिनं प्रेत स्वतः धुतलं होतं, भाऊ. पोटातलं भोक तिनं पाहिलं होतं. तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली.

त्या पानाचं पुढे काय झालं ते मला निघण्याआधीच कळलं होतं. सैन्याच्या कोर्टात तेच पान दाखवलं. लोक चेंगरून मेले, म्हणजे गर्दी जमवणारी गुन्हेगार, असं ठरवून त्या मुख्याध्यापिकेला दहा वर्षं दिली. एस्तेरनं कोर्टात सांगितलं की मी गोळ्यांच्या जखमा धुतल्या आहेत. त्यांनी तिला पान दाखवलं, अफवा पसरवल्याबद्दल सहा वर्षं दिली. तुरुंगात रविवारी अर्धा तास भेट असायची. मी जाऊ शकले असते. अकरा रविवार मिळाले, एकाही रविवारी गेले नाही. जूनमध्ये पासपोर्ट मिळाला आणि मी जहाजात बसले.

आता तू मुंबईला उतरवून घ्यायला आलास तिथपासूनचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तालोऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळीबार लपवायला नकार दिला अशी चार ओळींची बातमी कोणीतरी नागपुरात वाचली होती, ती धनजपर्यंत पोचली. तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात की त्यात मी होते. विहारात सभा घेतली, माझ्या गळ्यात हार घातला. आणीबाणीचे दिवस, लोक जपून बोलायचे, पण तू उभा राहिलास आणि म्हणालास, "आमच्या भागीनं बंदुकीपुढं खोटं नाई लेयलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तर त्यालाही सगळे माझा विनय समजले. त्या क्षणी उठून सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. अडीच वर्षं झाली.

तुझ्यापुढे बोलणं मला जास्त अवघड का, हे तुला सांगायला नको, तरी लिहिते. मी चौदा वर्षांची होते तेव्हा तू विहीर खोदायच्या कामावर होतास. कड ढासळून दोन मजूर गाडले गेले. ठेकेदार म्हणाला, सगळ्यांनी सांगायचं की ते दारू पिऊन उतरले होते. बाकीच्यांनी सांगितलं. तू वाशीमच्या कोर्टात म्हणालास, लाकडी आधार लावले नव्हते, आम्ही मागितले होते. त्यानंतर दोन हंगाम तुला पंचक्रोशीत कोणी काम दिलं नाही. आई अंबाडीची भाजी आणि कण्यांवर घर चालवायची. मी तुला एकदा विचारलं होतं, तू काहून सांगितलं? तू म्हणालास, "मंग त्या दोघांच्या लेकरायनं काय समजाचं, आपला बाप बेवडा होता?" ते वाक्य मला तालोऱ्याच्या टेबलाशी आठवलं नाही. खरं सांगते, काहीच आठवलं नाही, फक्त घरी जायचं होतं. आठवलं ते जहाजावर, आणि मग रोज.

मी भ्याले होते एवढंच आहे. स्वतःची बाजू मांडायला मी खूपदा बसले. परका देश, पासपोर्ट, एकटी बाई. सगळं खरं आहे. पण एस्तेरही एकटीच होती, तिची म्हातारी आई तिच्यावर अवलंबून होती, आणि तिला कुठल्या जहाजानं कुठे जायचं नव्हतं.

इकडे माझं काम चालू आहे. गेल्या महिन्यात लस टोचायला शिरपूरला गेले होते. तिथल्या जैन मंदिराच्या यात्रेकरूंची गर्दी होती, त्यांच्या गाडीवाल्यांनाही रांगेत उभं केलं. परत आले तर आमचा कंपाउंडर जगदेव एक जाड पाकीट हातात घेऊन माझी वाट बघत होता, बाहेरच्या देशाचं पोस्टाचं तिकीट मला द्या म्हणून. तालोऱ्याचं तिकीट होतं. मी त्याला तिकीट फाडून दिलं आणि पाकीट तीन दिवस उघडलं नाही.

तिथलं सैन्याचं राज्य गेलं, भाऊ. नोव्हेंबरमध्ये बंदर, दवाखाना, शाळा, साखर कारखाने, सगळ्यांनी एकदम काम सोडलं. अकरा दिवस बेटावर काही हललं नाही. पुन्हा खुर्च्या घेऊन लोक बसले, या वेळी रस्त्यारस्त्यांवर. बाराव्या दिवशी शिपायांनीच गोळी चालवायला नकार दिला आणि मेजर विमानात बसून गेला. मुख्याध्यापिकेनं हे पाहिलं नाही, ती सत्त्याहत्तरलाच तुरुंगात वारली. तिच्यावरचा तो गुन्हा अजून तसाच आहे. एस्तेर सुटली. नव्या सरकारनं त्या बुधवारची चौकशी करायला एक न्यायाधीश नेमले आहेत. पत्र त्यांचं आहे. मूळ पान सापडत नाही, नंतरचं सापडलं आहे, त्यावर माझी सही आहे. ज्या हातानं ते लिहिलं त्या व्यक्तीनं समोर येऊन सांगितलं तर ते पान रद्द होऊ शकेल, असं त्यांनी लिहिलं आहे. मला शिक्षा होणार नाही, पण साक्ष उघड्या कोर्टात होईल आणि वर्तमानपत्रात येईल.

सोबत एस्तेरची चिठ्ठी होती. ओळी पाचच, अशा: तुझा पत्ता मीच दिला. मला तुरुंगात दात सोडून काही गमवावं लागलं नाही. लखीरामच्या बायकोला मुलाच्या शाळेत बापाच्या मृत्यूचं कारण लिहून द्यायचं आहे आणि ती चेंगरून लिहायला तयार नाही, म्हणून मुलाचं नाव अजून शाळेत नाही. तू आली नाहीस तर मी पुन्हा विचारणार नाही. तू जेवतेस ना नीट?

ती शेवटची ओळ वाचून मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्याच दिवशी तारेनं होकार कळवला. रजा मंजूर झाली आहे. सोळा तारखेला मुंबईहून विमान आहे, चौकशीच्या कचेरीनंच व्यवस्था केली आहे. महिनाभर लागेल. लखीरामची बायको कोर्टात माझ्या समोरच बसेल, आणि तिच्याकडे बघून मला बोलायचं आहे. परत आल्यावर नोकरीचं काय होईल हे सांगता येत नाही. खोट्या नोंदीची कबुली दिलेली नर्स ठेवायची की नाही, हे साहेब लोक ठरवतील. लिलानं आणि वस्तीतल्या दुसऱ्या मुलींनी माझं नाव घेऊन नर्सिंगचे अर्ज भरले आहेत. त्यांनी ते मागे घेऊ नयेत एवढंच मला वाटतं. पण कोणाच्या पाठोपाठ जातोय ते त्यांना माहीत असावं.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी, अकरा तारखेला, मी सकाळच्या गाडीनं धनजला येते आहे. वंदना झाल्यावर विहारात सगळ्यांसमोर उभी राहून हे सगळं मी माझ्या तोंडानं सांगणार आहे, बेटावरच्या लोकांना सांगण्याआधी आपल्या लोकांना. तू माझ्या वतीनं काही बोलू नकोस, आधी कोणाला समजावून ठेवू नकोस. फक्त त्या गर्दीत बसून, परक्यासारखं, तुला हे पहिल्यांदा ऐकावं लागू नये. मुंबईच्या धक्क्यावर माझी पेटी उचलणारा तू होतास, तुला आधी कळायलाच हवं. तुला त्या दिवशी विहारात यावंसं वाटलं नाही तर मी समजेन. शेतावर जा. माझं सांगून होईल, मग घरी येईन. दार उघडं असलं तर आत येईन आणि वहिनीच्या हातचं जेवेन. बंद असलं तर ओट्यावर बसेन, चारच्या बसपर्यंत.

तुझीच धाकटी,
भागिरथा